परसांतली लिंबोणी

माणसाच्या स्वभावांत एक मोठा चमत्कार आहे. आपल्या घरांत कोणाला पडसें झालें, तर तें शेजारच्या घरून आलें असें त्याला मनापासून वाटतें. परंतु शेजारच्या घरांत पडसें झालें, तर तें आपल्या घरून गेलें असेल अशी शंका त्याच्या मनाला चुकूनहि शिवत नाहीं. या नियमाला आम्ही स्वतः अपवाद आहोंत, असें आम्ही पुष्कळ वर्षें समजत होतों. छत्तीस वर्षें आम्हीं शाळेंत मुलांना शास्त्र शिकविलें; ‘पुराव्यावांचून बोलूं नये’ हें वाक्य फळ्यावर इतक्या वेळां लिहिलें कीं शेवटीं शेवटीं तें आमच्या हातानें आपोआपच उमटे. परंतु आमच्या परसांतील एका लिंबोणीनें हा आमचा समज पार खोटा पाडला. तीच हकीकत येथें सांगावयाची आहे.

श्रीगोंदे तालुक्यांतील आमच्या गांवीं आम्हीं घर बांधलें तें १९८९ सालीं. हा मुलूख लिंबांचा. घर पुरें होण्याच्या आधींच, पहिल्या पावसांत, मातोश्रींनीं मोरीच्या पाण्याच्या वाटेवर कागदी लिंबाचें एक रोप लावून टाकलें. “सांडपाणी फुकट कां घालवायचें?” एवढेंच त्या म्हणाल्या. पुढें तें पाणी जें त्या लिंबोणीला लागलें तें असें लागलें, कीं चवथ्या वर्षापासून आमच्या घरीं लिंबू विकत म्हणून आलें नाहीं. उन्हाळ्यांत सरबत, आजाऱ्याच्या पेजेबरोबर एक फोड, आषाढांत बरणीभर लोणचें, आणि आळींतल्या सर्व बायकांना ‘जरा चार लिंबें द्या’ म्हणावयाची सोय, असा त्या झाडाचा संसार होता. कोणी अमावास्येला दारावर टांगण्यासाठीं लिंबू मागावयास आलें, तर मातोश्री तेंहि देत; आम्ही अंधश्रद्धेवर व्याख्यानें देणारे असल्यामुळें त्या वेळीं दुसरीकडे पाहत असूं. २००४ सालीं मातोश्री गेल्या, लिंबोणी राहिली. तेव्हांपासून सकाळीं परसांत जाऊन तिच्या बुंध्याशीं तांब्याभर पाणी ओतणें हा आमचा नित्यनेम झाला. तिला मोरीचें पाणी पुरेसें होतें, त्या तांब्याची तिला कांहींच गरज नव्हती. गरज आमची होती.

आमच्या परसाच्या पूर्वेस, बांधापलीकडे, आप्पांचें दीड एकर रान आहे. आप्पा आमच्याहून दहा वर्षांनीं लहान, पण सारा गांव त्यांना आप्पाच म्हणतो, म्हणून आम्हीहि म्हणतों. २०१९ च्या पावसाळ्यांत त्यांनीं ज्वारी-बाजरी सोडून त्या रानांत लिंबाचीं दीडशें झाडें लाविलीं. रोपांसाठीं, ठिबकसाठीं आणि विहिरीच्या गाळासाठीं त्यांनीं कर्ज काढलें होतें. लिंबाचें झाड फळाला येईपर्यंत तीन-चार वर्षें नुसतें खातें, देत कांहींच नाहीं. तेवढीं वर्षें काढावयाचीं म्हणजे शेतकऱ्यानें श्वास रोखून पाण्याखालीं बसण्यासारखें आहे.

दुसऱ्या वर्षींच्या श्रावणांत, म्हणजे २०२० सालीं, एके संध्याकाळीं आप्पा आमच्या ओट्यापाशीं आले. तें वर्ष कसें होतें तें वाचकांस सांगावयास नको. तोंडाला फडकें बांधून आम्ही ओट्यावर, तेहि तसेच तोंड बांधून अंगणांत, मध्यें चार हातांचें अंतर. पाऊसपाण्याचें, आजाऱ्यांचें, कोणाच्या मयताला कोणी गेलें नाहीं याचें, असें पुष्कळ बोलणें झालें. उठतां उठतां, जणूं आतांच आठवलें अशा रीतीनें, आप्पा म्हणाले,

“गुरुजी, राग मानूं नका. पण तुमच्या लिंबोणीवर खैऱ्या आलाय. जरा बघून घ्या.”

आम्हांला राग आला. तो कां आला, याचा आम्हीं पुढें पुष्कळ विचार केला. झाडाला रोग आहे असें कोणी सांगितलें, तर त्यांत अपमान होण्यासारखें काय आहे? परंतु त्या क्षणीं आम्हांस असें वाटलें, कीं हा मनुष्य आमच्या मातोश्रींविषयीं कांहीं बोलला. आम्ही शिक्षकी थाटांत म्हणालों, “आप्पा, आमची लिंबोणी एकतीस वर्षांची आहे. तुमचीं रोपें कालपरवांचीं. नवें दुखणें नव्या पाहुण्याबरोबर येतें. तुमच्या रोपवाटिकेवाल्याला विचारा.”

आप्पा कांहीं बोलले नाहींत. “बरं,” म्हणाले आणि गेले. दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या घरून येणारें सकाळचें दूध कोणी मुलगा आणूं लागला. ते स्वतः येईनासे झाले.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं तांब्या घेऊन आम्ही परसांत गेलों आणि, खरें सांगावयाचें तर, एकतीस वर्षांत पहिल्यानेंच त्या झाडाकडे नीट पाहिलें. पानापानांवर ठिपके होते. जाळलेल्या काताच्या रंगाचे, मध्यें खडबडीत, बोट फिरविलें तर दोन्ही अंगांनीं हाताला लागणारे. पान उन्हासमोर धरलें म्हणजे प्रत्येक ठिपक्याभोंवतीं पिवळें वलय दिसे. कोवळ्या फांद्यांवर त्याच जातीचे खवले, आणि फळांच्या सालीवर देवी येऊन गेलेल्या तोंडासारखे व्रण. खैऱ्या हें नांव या खैरट रंगावरूनच पडलें असावें. हें सारें एका रात्रींत झालेलें नव्हतें. कित्येक महिने, कदाचित् कित्येक वर्षें, आम्ही रोज त्या झाडाला पाणी घालीत होतों, आणि झाडाऐवजीं आमच्या स्वतःच्या आठवणीकडे पाहत होतों.

तरी आम्ही हार मानली नाहीं. त्या दिवसांत आमचा पुतण्या शहर सोडून घरीं येऊन राहिला होता. तो राहुरीच्या कृषि विद्यापीठांत शिकलेला. अर्थात् आमच्या बाजूचा साक्षीदार म्हणून आम्हीं त्याला बोलाविलें. त्यानें झाड पाहिलें, पानें चाळलीं आणि विचारलें, “काका, शाळेंतलें सूक्ष्मदर्शक यंत्र मिळेल का?” माणसांच्या सांथीमुळें शाळा बंद होती, आणि मुख्याध्यापक आमचा जुना विद्यार्थी, यंत्र मिळालें. पुतण्यानें एका ठिपक्याची कडा पात्यानें कापून कांचेवरच्या पाण्याच्या थेंबांत ठेविली, आरसा उजेडाकडे फिरविला आणि आम्हांस डोळा लावावयास सांगितलें.

प्रथम कांहीं दिसेना. मग कापलेल्या कडेंतून एक धूसर लोट पाण्यांत उतरूं लागला. ओल्या लांकडाच्या चुलींतून धूर निघावा तसा तो संथपणें, न थांबता, वाहत होता. “हा धूर नाहीं, काका,” पुतण्या म्हणाला, “हे जंतु. लाखांनीं आहेत.” ज्या यंत्रांतून आम्हीं पिढ्यान्‌पिढ्या मुलांना कांद्याची पातळ साल दाखविली, त्याच यंत्रांतून आम्ही आमच्या घरची साथ पाहत होतों.

या जंतूचें शास्त्रीय नांव झँथोमोनास सिट्री. ग्रीक भाषेंत ‘झँथॉस’ म्हणजे पिवळा. प्रयोगशाळेंत वाढविला असतां त्याच्या वसाहती पिवळ्या दिसतात. आकार काठीसारखा, एका टोकाला एकच शेंपटी, आणि लांबी एवढी कीं एका मिलिमीटरांत सुमारें ५०० जंतु एकापुढें एक मावावेत. एवढा दरारा असणाऱ्या या प्राण्याला स्वतःच्या बळानें पानाची साल फोडतां येत नाहीं. पान ज्यांतून श्वास घेतें तीं सूक्ष्म रंध्रें, कांट्याचा एखादा ओरखडा, किंवा नागअळीनें कोवळ्या पानांत कोरलेली रुपेरी वांकडीतिकडी वाट, अशा उघड्या दारानेंच तो आंत शिरतो. त्याला वीस ते तीस अंशांची ऊब आणि ओल मानवते. ठिपक्यावर पाऊस पडला कीं तो बाहेर येतो, आणि पावसाच्या उडत्या तुषारांत बसून वारा नेईल तिकडे जातो. जून झालेल्या पानाला तो सहसा बाधत नाहीं. कोवळी पालवी आणि पहिल्या दोन-तीन महिन्यांतलें फळ एवढ्यावरच त्याचा डोळा. नागपुरी संत्र्याला त्याचा उपद्रव त्या मानानें थोडा. कागदी लिंबू मात्र त्याचें हक्काचें घर होय. माणसाला त्याच्यापासून कांहीं अपाय नाहीं. डाग पडलेलें लिंबू कापलें तर आंतला रस निर्मळच असतो. पण बाजार साल पाहतो, रस पाहत नाहीं.

“आणि काका,” पुतण्या जरा अडखळत म्हणाला, “पावसाळ्यांत आपल्याकडे वारा पश्चिमेचा असतो.”

आमची लिंबोणी पश्चिमेस होती आणि आप्पांचें रान पूर्वेस. यापुढें शहाण्या माणसानें गप्प बसावयाचें. पण आम्ही पडलों शास्त्राचे शिक्षक. आम्हीं पुरावा मागितला. “त्याच्या रोपांवरून आमच्याकडे आला नाहीं कशावरून?” पुतण्या म्हणाला, “नाहीं असें मी कुठें म्हणतों? तसेंहि झालें असेल. जंतूला बांध दिसत नाहीं.” हें उत्तर बरोबर होतें, म्हणूनच तें आम्हांस आवडलें नाहीं. पुढचा महिनाभर, घराबाहेर पडावयाची सोय नसल्यामुळें, आम्ही या रोगाविषयीं जें मिळेल तें वाचीत बसलों. वकील पुस्तकें चाळतो तशी आमची वृत्ति होती: आपल्या पक्षाला उपयोगी पडेल असें एखादें कलम सांपडतें का, एवढेंच पाहावयाचें.

सांपडलें तें भलतेंच. हा रोग बुरशीचा नसून जंतूचा आहे, हें प्रथम सिद्ध केलें तें अमेरिकेच्या सरकारी शेतकी खात्यांतील क्लारा हॅसे या बाईंनीं, १९१५ सालीं. रोगट झाडांतून जंतु वेगळा काढावयाचा, तो निरोगी झाडाला टोंचावयाचा, तेथें तोच रोग झालेला पाहावयाचा आणि त्यांतून तोच जंतु पुन्हां काढावयाचा, अशी ती कसोटी. मग आम्ही रोगाच्या जन्मस्थानाचा शोध घेऊं लागलों. १९३३ सालीं फॉसेट व जेंकिन्स या दोघां संशोधकांनीं जुन्या वनस्पतिसंग्रहांतील वाळवून ठेवलेलीं लिंबवर्गीय पानें तपासलीं. इंग्लंडांतील क्यू येथील संग्रहांत हिंदुस्थानांतून १८२७ ते १८३१ च्या दरम्यान गोळा केलेल्या महाळुंगाच्या पानांवर त्यांना हेच व्रण सांपडले. जावा बेटांतून १८४२ ते १८४४ मध्यें नेलेल्या लिंबाच्या पानांवरहि तेच. म्हणजे पेशवाई बुडून दहा-बारा वर्षें होतात न होतात, तोंच कोणीतरी आपल्या देशांतलें एक पान कागदांत दाबून साता समुद्रांपलीकडे नेलें, आणि पानाबरोबर हा डागहि नेला. अलीकडे तर मॉरिशसमध्यें १९३७ सालीं तोडून वाळविलेल्या अशाच पानांतून या जंतूची संपूर्ण अनुवंशिक लिपि वाचून काढण्यांत आली आहे. आम्ही रोगाचा पत्ता शोधावयास निघालों होतों आप्पांच्या रोपवाटिकेंत. तो मिळाला दोनशें वर्षांमागच्या आमच्याच देशांत. ज्याचें घराणें एवढें पुरातन, त्यानें बांधाच्या या अंगाला प्रथम पाऊल टाकलें कीं त्या अंगाला, हा वाद आम्हांसच हास्यास्पद वाटूं लागला.

परंतु आमची झोंप खरी उडविली ती फ्लॉरिडाच्या कथेनें. १९१० च्या सुमारास जपानांतून आलेल्या रोपांबरोबर हा रोग अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्यावर उतरला. तेथें तो पूर्वीं कधींच नव्हता. म्हणून लोकांनीं त्याचा समूळ नाश करण्याचें ठरविलें. बागांतील अडीच लक्षांवर झाडें आणि रोपवाटिकांतील तीस लक्षांवर रोपें जाळून टाकण्यांत आलीं, आणि १९३३ सालीं फ्लॉरिडांतून रोग हद्दपार झाल्याचें जाहीर झालें. तो १९८६ सालीं पुन्हां दिसला, १९९४ सालीं पुन्हां गेला म्हणून सांगण्यांत आलें, आणि १९९५ सालीं मायामी शहराजवळ घरोघरच्या परसांत पुन्हां उभा राहिला. तेव्हां सरकारनें नियम केला, कीं एका रोगट झाडाभोंवतीं १,९०० फुटांच्या आंत जेवढीं लिंबवर्गीय झाडें असतील, तेवढीं सारीं, निरोगी असलीं तरी, तोडावयाचीं. करवती घेऊन माणसें लोकांच्या परसांत शिरूं लागलीं. लोक न्यायालयांत गेले. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानें २००४ सालीं तो कायदा उचलून धरला. आणि त्याच वर्षीं व पुढच्या वर्षीं चक्रीवादळें आलीं. जो जंतु पावसाच्या तुषारावर बसून बांध ओलांडतो, त्याला वादळानें जिल्हे ओलांडविले. जानेवारी २००६ मध्यें सरकारनें मोहीम सोडून दिली. तोंपर्यंत एक कोटी साठ लक्षांच्या आसपास झाडें गेलीं होतीं.

वाचतां वाचतां आम्हीं टेप काढून मोजलें. आमच्या लिंबोणीपासून आप्पांच्या पहिल्या ओळीचें अंतर ६० फूट भरलें. त्या मायामींतल्या घरमालकांच्या बाजूनें आमचें मन कळवळत होतें. त्यांतल्या कित्येकांचीं झाडें त्यांच्या आईबापांनीं लाविलेलीं असतील. पण त्याच वेळीं, ज्यांचें सारें पोट बागेवर आहे त्यांना शेजारचें एक लाडकें झाड कसें दिसत असेल, हेंहि प्रथमच आमच्या ध्यानांत येत होतें. आप्पांनीं कोणता कायदा दाखविला नव्हता, करवत आणली नव्हती. ‘जरा बघून घ्या’ एवढेंच ते म्हणाले होते. आणि आम्ही? त्या वर्षीं आम्ही प्रत्येक येणाऱ्याच्या श्वासाचा संशय घेत होतों, दाराची कडीदेखील पुसून काढीत होतों. फक्त आमच्या झाडाचा संशय घेतलेला आम्हांस खपला नाहीं.

आणखी एक गोष्ट त्या वाचनांत आली, ती सांगितल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. हा जंतु पानांत शिरल्यावर पेशींना कुरतडून खातो, अशी आमची समजूत होती. तसें होत नाहीं. तो एका सूक्ष्म नळीनें पेशीच्या आंत एक प्रथिन सोडतो. तें प्रथिन पेशीच्या केंद्रांत जाऊन झाडाचाच एक निजलेला जनुक जागा करतें. तो जनुक जागा झाला कीं झाडाच्याच पेशी फुगूं लागतात, विभागूं लागतात, एकमेकींवर चढतात, आणि शेवटीं वरची साल फोडून बाहेर येतात. त्या भेगेंतून जंतु पुढच्या प्रवासास मोकळा होतो. २०१४ सालीं हा जनुक कोणता तेंहि शोधून काढण्यांत आलें आहे. म्हणजे जंतूनें आणावयाची ती एक इवलीशी गोष्ट. तिच्यावर व्रणाचा डोंगर रचतें तें झाड स्वतः, आपल्याच अंगच्या सामर्थ्यानें.

हें वाचून आम्हीं पुस्तक मिटलें. आप्पांचें एक वाक्य आमच्या कानांत शिरलें होतें. त्यानंतरच्या सहा आठवड्यांत त्याच्यावर जें कांहीं रचलें गेलें होतें, म्हणजे ‘हा आम्हांला शिकवितो’, ‘याला आईची किंमत नाहीं’, ‘दूधसुद्धां मुलाच्या हातीं पाठवितो’, त्यांतलें एक अक्षरहि आप्पांचें नव्हतें. तें सारें बांधकाम आमचें होतें.

त्या संध्याकाळीं आम्ही आप्पांच्या रानांत गेलों. ते पाठपंप खांद्याला लावून फवारणी करीत होते. दीडशेंपैकीं किती झाडांवर ठिपके आहेत हें आम्हीं विचारलें. “चाळीस-पन्नास असतील,” ते म्हणाले. कोणाकडून कोणाकडे हा प्रश्न त्यांनीं काढला नाहीं, आम्हींहि काढला नाहीं. “आप्पा, आमचें चुकलें,” असें म्हणावयाचें आम्ही घरून ठरवून गेलों होतों, प्रत्यक्षांत आमच्या तोंडून एवढेंच निघालें, “आप्पा, छाटणी कधीं करायची तें सांगा. मला झाडावर चढवत नाहीं.”

पावसांत फांदी तोडली तर तोडणाऱ्याच्या हातानेंच रोग पसरतो. म्हणून पाऊस सरून झाड कोरडें होईपर्यंत थांबावें लागलें. मग आप्पांच्या मुलानें व पुतण्यानें मिळून लिंबोणीच्या सर्व रोगट फांद्या उतरविल्या. खालचा पालापाचोळा गोळा करून सारें एका खड्ड्यांत जाळलें. लिंबाच्या ओल्या फांद्या जळतांना जो वास येतो, तो दोन दिवस घरांत होता. छाटल्यावर आम्हीं बोर्डो मिश्रण केलें: एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना आणि शंभर लिटर पाणी. फ्रान्सांतील द्राक्षांच्या मळ्यांतून १८८५ च्या सुमारास हें औषध निघालें, आणि आजहि आपल्या बागाइतदाराच्या दारांत निळ्या पिंपाच्या रूपानें उभें आहे. मिश्रणांत लोखंडाचा विळा बुडवून पाहावयाचा. त्यावर तांब्याची लाली चढली तर चुना कमी पडला असें समजावयाचें. हा प्रयोग आम्हीं शाळेंत शेंकडों वेळां करून दाखविला होता. त्याचा कोणाला कांहीं उपयोग असतो, हें त्या दिवशीं कळलें.

दुकानदारानें मोरचुदाबरोबर आणखी एक लहानशी पुडी दिली होती. दहा लिटर पाण्यांत एक ग्रॅम टाकावयाची. पुडीवरचें नांव वाचून आम्ही थबकलों. तींत मुख्य औषध होतें तें स्ट्रेप्टोमायसीन. १९६२ सालीं आमच्या मातोश्रींना क्षय झाला होता. आम्ही तेव्हां नऊ वर्षांचे. तालुक्याच्या गांवीं जाऊन त्या रोज एक सुई टोंचून घेत. परततांना एस्टींत आमच्या खांद्यावर डोकें टेंकून निजत. त्या सुईंतलें औषध हेंच. अमेरिकेंत १९४३ सालीं मातींतल्या एका सूक्ष्म जीवापासून तें निघालें नसतें, तर मातोश्री १९८९ सालीं लिंबोणी लावावयास उरल्या नसत्या. ज्या औषधानें आई वांचली, तेंच आतां तिच्या झाडाला द्यावयाचें, यांत कांहीं संगति आहे असें आमच्या मनानें लगेच घेतलें. पण पुतण्या म्हणाला, “काका, तुम्ही म्हणाल तर मारतों. पण माणसाचें औषध उघड्या रानांत उडवायचें म्हणजे जंतूंना त्याची संवय लावायची. उद्यां कोणाच्या तरी आईला तें लागू पडणार नाहीं.” आम्हीं पुडी फडताळांत ठेवून दिली. ती अजून तेथेंच आहे.

२०२१ च्या मृगानंतर लिंबोणीला भरघोस पालवी फुटली. आम्ही रोज जाऊन पानें उजेडासमोर धरीत होतों. आषाढाच्या अखेरीस शेंड्याच्या चार पानांवर पिवळीं वलयें दिसलीं, श्रावणांत चाळीस. जुन्या फांद्यांच्या सालींत जंतु वर्षानुवर्षें दबून राहतो, आणि तीस वर्षांच्या झाडाच्या शेंड्यापर्यंत आमचा फवारा पोंचत नव्हता. पुतण्या म्हणाला, दर वर्षीं नीट छाटलें व फवारलें तर झाड राहील. आप्पा म्हणाले, राहूं द्या गुरुजी, आम्ही तरी कुठें पूर्ण निघालों आहोंत? दोघांचेंहि बोलणें खरें होतें. आम्हांवर कोणाची सक्ति नव्हती. म्हणूनच निर्णय आमचा आम्हांला करावा लागला. आम्ही सौभाग्यवतींना विचारलें. त्या म्हणाल्या, “सासूबाईंनीं झाड लावलें तें सांडपाणी वायां जाऊं नये म्हणून. त्या असत्या तर दुसऱ्याचें दीड एकर वायां जाऊं दिलें असतें का?”

२०२२ च्या जानेवारींत, संक्रांत झाल्यावर, लिंबोणी तोडली. शेवटच्या लिंबांचें लोणचें आधींच घातलें होतें. साल डागाळलेली, म्हणून सौभाग्यवतींनीं प्रत्येक डाग सुरीनें कोरून काढला. खोडाचा ओंडका जाळला, मुळ्या खणून काढल्या. मोरीचें पाणी जेथें जातें तेथें आतां शेवगा आहे. त्याला आम्ही तांब्यानें पाणी घालीत नाहीं.

वाचक विचारतील, मग आप्पांच्या बागेंतला खैऱ्या गेला का? गेला नाहीं. दर पावसाळ्यांत तो येतो, दर पावसाळ्यांत आप्पा फांद्या छाटतात, जाळतात, निळें औषध मारतात. ज्या देशांत हा रोग दोनशें वर्षें नांदतो आहे, त्या देशांत एक झाड तोडल्यानें तो निघून जाईल अशी आमचीहि कल्पना नव्हती. आमच्या लिंबोणीचा त्यांत किती हात होता, तें आम्हांस आतां कधींहि कळणार नाहीं. पुराव्यावांचून बोलूं नये, हें आम्हीं जन्मभर शिकविलें. पुराव्यावांचूनहि कधीं कधीं वागावें लागतें, हें शिकावयास आम्हांस सत्तरी गांठावी लागली.

२०२३ च्या उन्हाळ्यांत आप्पांच्या बागेनें पहिलें बऱ्यापैकीं फळ दिलें. पहिल्या तोडणीच्या दिवशीं ते स्वतः पाटी घेऊन ओट्यावर आले. बाजारांत जाणाऱ्या पाटींत चांगला माल वर आणि डागी माल खालीं असतो, हें आम्हांस ठाऊक आहे. या पाटींत डागाळलेलीं पांच-सहा लिंबें अगदीं वर ठेवलेलीं होतीं.

“हीं बाजारांत जात नाहींत,” आप्पा म्हणाले. “म्हटलं, तुम्हांला चालतील.”

सौभाग्यवतींनीं त्यांतलींच दोन कापून सरबत केलें. रस निर्मळ होता.